ह्याला वेळ आहे

मिरजेत, सतारमेकर गल्लीत, दस्तगीरचाचांच्या दुकानावर
माझा क्लास. जिना इतका अरुंद
की उतरण्याआधी ओरडून विचारावं लागतं, कोण येतंय का वर.
साडेसहाला सहा नर्सेस येतात,
पांढरे बूट पायरीवर काढून.
सगळ्यांना आयर्लंडला जायचंय, नाहीतर निदान दुबईला.
आजचा धडा, वेळ.

फळ्यावर लिहिते, आय हॅव प्लेन्टी ऑफ टाइम.
एस्तेर सातपुते विचारते, बाई, प्लेन्टी म्हणजे नेमका किती?
म्हटलं, मार्केट यार्डात हळद असते ना, तितका.
त्यांच्यात तो हातांवरही असतो, ऑन माय हँड्स,
साबणानं न निघणाऱ्या हळदीसारखा.
विकत मिळतो, वाचवता येतो,
मारताही येतो.
"आपण पण मारतो की," मागून तबस्सुम,
"वेळ मारून नेतो."
हो, पण ते मारतात आणि तिथंच टाकतात.
आपण मारतो आणि नेतो.
कुठं नेतो कुणास ठाऊक.
हशा.

मग मी 'हॅव'वर येते आणि अडकते.
एकोणीस वर्षं शिकवतेय, दर बॅचला इथंच.
आपल्याकडे हा शब्दच नाही.
मला ताप आहे. मला खोकला आहे.
मला दोन बहिणी आहेत. मला वेळ आहे.
आपण नुसते उभे,
आणि हे सगळं आपल्यापाशी येऊन थांबलेलं.
त्यांच्यात माणूस आधी येतो,
वेळ मागून, त्याच्या पिशवीत.

एस्तेर लेबर रूमला असते.
म्हणते, बाई, एका रात्रीत मी पन्नासदा सांगते,
अजून वेळ आहे.
ह्याचं काय करू? वुई हॅव टाइम?
चालेल, मी म्हणते.
नाही चालायचं, ती म्हणते.
परवा कवठेमहांकाळची एक होती, पहिलटकरीण,
तिला म्हटलं, अजून वेळ आहे,
तर तिनं माझं मनगट हे असं धरलं.
बाही वर करते. चार नखं, अजून लाल.
"मी तिला काय देत होते, बाई?"

माझ्या हातात खडू.
खाली चाचा खुंटी पिळतायत,
सूर चढत चढत जातो, जरा पुढं जातो,
परत खाली येतो.

परीक्षेत वुई हॅव टाइम लिही, मी सांगते, मार्क मिळतील.
ती लिहून घेते. पुढं कंसात मराठीत आणखी काहीतरी,
बराच वेळ. मी बघत नाही.

टेक युवर टाइम राहिलेलं असतं.
तुमचा वेळ घ्या, असं कोण कुणाला म्हणेल?
मग पंगत आठवते.
वाढून झालं की यजमान मधोमध उभा राहून,
हात जोडून, सावकाश होऊ द्या.
हे मात्र कळतं, सहाही माना हलतात,
आणि त्याच हलत्या माना घड्याळाकडे वळतात.
आठला नाइट ड्यूटी.
जिन्यात बुटांची झटापट,
कुणाचा तरी डबा दोन पायऱ्या घरंगळतो.

मी उतरते तेव्हा चाचांचं शटर अर्ध्यावर.
आत छताला भोपळे टांगलेत, मंगळवेढ्याकडचे,
काही अजून हिरवट, देठाशी ओले.
सकाळी एक गोरा पोरगा येऊन गेला, ते सांगतात,
तंबोरा पाहिजे होता त्याला,
हाऊ मच टाइम, हाऊ मच टाइम, सारखं तेच.
मग तुम्ही काय म्हणालात?

चाचा वाकून आत जातात,
एका भोपळ्यावर बोटाचं पेर वाजवतात,
कान लावतात,
बंद दाराला लावावा तसा.
"म्हटलं, ह्याला वेळ आहे."

आणि त्याला?
"त्याला कुठला. सहाची गाडी होती."